थकवा बघून विणावं

‘वेळ काढला की मिळतो’ असं म्हणणाऱ्यांना मी एकदा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात आणून बसवणार आहे. चहा माझ्याकडून. टॅक्स ऑडिटची, म्हणजे करासाठीच्या हिशोबतपासणीची, ३० तारखेची मुदत डोक्यावर, क्लायंटच्या बँक स्टेटमेंटचा पासवर्ड लागत नाहीये, पोर्टल गोल गोल फिरतंय आणि फोनवर कुणीतरी विचारतंय, ‘मॅडम, आजच होईल ना?’ अशा वेळी त्यांनी वेळ काढून दाखवावा.

मी सीए आहे. नोकरी फोर्टातल्या एका फर्ममध्ये, घर डोंबिवलीत. विणायला लहानपणी मावशीकडून शिकले, सूत कातायला चाळिशीत. टोपड्यांचे आणि सुताच्या लड्यांचे फोटो इथे टाकते म्हणून इनबॉक्सात सारखा एकच प्रश्न असतो, ‘एवढ्या व्यापात हे जमतं कसं गं?’ विचारणारीला पहाटे साडेचारला उठणारी बाई अपेक्षित असते. मी उठत नाही. आमच्याकडे साडेचारला नवरा उठतो आणि तो पळायला जातो.

माझं म्हणणं असं आहे की नोकरी करणाऱ्यांना वेळ कमी पडतो हे अर्धंच खरं. रात्री जेवणं झाल्यावर तासभर फोन चाळायला आपल्या सगळ्यांना मिळतो. तेव्हा शिल्लक नसतं ते डोकं. म्हणून मी छंदाचं वेळापत्रक करत नाही. आज किती दमलेय ते बघते आणि त्या थकव्याला झेपेल तेवढंच हातात घेते.

आमच्या धंद्यात महिना तारखांवर चालतो. सातला टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, अकराला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), वीसला ३बी (महिन्याच्या जीएसटीचा गोषवारा). या तारखांच्या आदल्या दिवसांत माझ्या सुयांवर फक्त सुलट टाके असतात. जातानाही सुलट, येतानाही सुलट. आडव्या रेघांचं, जाडसर, दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं मठ्ठ विणकाम. दिवसभर ताळेबंद जुळवून आलेल्या माणसाला टाके मोजायला लावू नयेत. जाळीच्या नक्षीत दोरा पुढे घेऊन दोन टाक्यांचा एक करायचा असतो. एका ठिकाणी दोरा पुढे घ्यायचा राहिला की ओळीच्या शेवटी एक टाका कमी भरतो, आणि तो कुठे गेला हे शोधत आपण रात्री अकरा वाजता सुईवरचं मोजत बसतो. ही शोधाशोध मी ऑफिसात पगार घेऊन करते. घरी फुकट का करू?

त्यामुळे माझ्याकडे कायम दोन कामं चालू असतात, एक बिनडोक आणि एक डोक्याचं. वेणीचा स्वेटर, जाळीची शाल ही तेवीस-चोवीस तारखेनंतरची कामं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, ३१ जुलैची रिटर्नं पार पडल्यावर, तर मी फार हुशार झालेली असते. तेव्हाच नवीन नमुने वाचते. ‘आधीचं पुरं केल्याशिवाय नवीन घ्यायचं नाही’ हा आपल्या आयांचा नियम मी मोडलेला आहे आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. तो नियम लोकरीच्या किमतीसाठी होता, शिस्तीसाठी नव्हता.

आता लोकल. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंतचा तासभर हा माझा खरा विणकामाचा तास, हे सगळ्यांना माहीत आहे. पण चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकाच्या कडेला, बसून विणून बघा. सरळ सुयांची टोकं दोन्ही बाजूंना जातात, तिसऱ्या सीटवरच्या काकूंच्या बरगडीत पहिली. म्हणून लोकलसाठी वायरच्या गोल सुया. कोपर अंगाला चिकटवून मांडीतल्या मांडीत काम होतं, सगळं वजन वायरवर राहतं, आणि गर्दीत सुई हातातून सुटली तरी खाली पडत नाही, कारण ती दुसरीला बांधलेलीच आहे. उभं राहावं लागलं तर क्रोशाचा एक आकडा आणि खिशात मावणारा चौकोन. घाटकोपरला गर्दीचा लोंढा चढतो, तेव्हा काहीच नाही. घाटकोपरला फक्त पर्स धरायची.

डब्यात मटार सोलणारी, लसूण सोलणारी, पोथी वाचणारी, सगळ्या असतात. विणणारीला मात्र हमखास विचारतात, ‘कुणाकडे गोड बातमी?’ मुंबईत लोकर विणायचं दुसरं कारण लोकांना सुचत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही क्वचितच सुचतं. आपल्या दुकानांत ‘लोकर’ म्हणून मिळणारी बहुतेक ॲक्रिलिक असते. ती धुवायला सोपी, रंगाला छान, पण आपल्या हवेत घामेजते. म्हणून मी सुती दोऱ्याकडे वळले आणि तिथून सुताकडे.

सूत कातण्याचं प्रकरण वेगळं आहे, आणि त्याबद्दल इथे फार गोडगोड लिहिलं जातं. कातल्याने मन शांत होतं म्हणे. माझा अनुभव असा की दमून, चिडून टकळी, म्हणजे कातायची हातातली चाती, घेतली तर सूत माझं ऐकत नाही. पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची गुंडाळी, बोटांत घट्ट धरला गेला की तंतू सुटत नाहीत आणि धागा तटकन तुटतो. ढिला धरला की पीळ पेळूत शिरतो आणि गाठ येते. या दोन्हींच्या मधली पकड खांदे आखडलेले असताना सापडत नाही. विणकाम कुठल्याही टाक्याला थांबवता येतं, फोन घेता येतो, कुकर बंद करता येतो. कातताना हाताला लय लागेपर्यंतच थोडा वेळ जातो, आणि लय लागली की कुणी हाक मारली तरी राग येतो. म्हणून कातणं रविवारी सकाळी, पोहे झाल्यावर, फोन आत ठेवून. एरवी नाही. पावसाळ्यात जास्त, कारण दमट हवेत कापसाचा धागा कमी तुटतो. वैशाखातल्या कोरड्या हवेत विदर्भात बसून कातणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.

माझं सूत जाड आहे. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. जितका मोठा तितकं सूत बारीक. माझं कसंबसं दहाच्या आसपास, तेही एकसारखं नाही. शिवाय एकेरी सूत तसंच विणलं तर कापड तिरकं जातं, पीळ त्याला ओढतो. म्हणून दोन धागे उलट्या पिळाने एकत्र करायचे, मग लडी भिजवून वाळवायची, मग कुठे सुया. एका हातरुमालाएवढ्या तुकड्यामागे किती रविवार जातात ते मी मोजत नाही. मोजणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे.

पण ‘पूर्वी बायकांना वेळ होता म्हणून हे सगळं व्हायचं’ हे वाक्य कुणी टाकलं की मला गप्प बसवत नाही. कुणाला होता वेळ? टकळी हे हत्यारच मुळी रिकामा वेळ नसलेल्यांचं आहे. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ मेंढरांमागे चालता चालता लोकर कातत आले आहेत. आपल्याकडे धनगरांच्या घरी बायका मेंढरं, लेकरं, पाणी, स्वयंपाक या सगळ्याच्या फटीत दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर कातायच्या. त्या सुताची घोंगडी सनगर समाजातले विणकर विणायचे आणि तिला चिंचोक्याची खळ द्यायचे. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडच्या एका धनगर आजींना मी मोठ्या उत्साहाने माझी टकळी दाखवली होती. त्यांनी ती फिरवून बघितली, परत दिली आणि विचारलं, ‘नोकरी असून कशाला कातता, बाई?’ मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पटेल असं सुचलेलं नाही. त्यांच्या दृष्टीने कातणं म्हणजे नोकरीच होती, बिनपगारी, आणि आता तर लोकरीला गिऱ्हाईकच नाही, कातरणावळही सुटत नाही. तेव्हा माझ्या रविवारच्या सुताला परंपरा वगैरे म्हणायला मी जरा बिचकते. तो माझा चैनीचा कापूस आहे.

नोकरदार आणि सूत या जोडीचा एक मजेदार इतिहास मात्र आहे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. सभासदत्वाची वर्गणी पैशांत न घेता सुतात घ्यायची असं ठरलं: महिन्याला २,००० वार. रोज अर्धा तास कातलं की होतं, असा हिशोब. पण ज्यांना जमणार नाही किंवा आवडणार नाही त्यांनी तेवढंच सूत दुसऱ्याकडून घेऊन दिलं तरी चालेल, अशी पळवाट नियमातच होती. वर्षभरात ही सक्ती गेली, पुन्हा पैशांची वर्गणीही चालू लागली. मला यात गांधीजींची चूक दिसत नाही, पण अर्ध्या तासाचा हिशोब बघून हसू येतं. अर्धा तास प्रत्येकाकडे असतो. अर्धा तास कातण्याजोगा हात प्रत्येकाकडे नसतो. बाकी त्या माणसाने हा प्रश्न यंत्राच्या बाजूनेही सोडवायला घेतला होता हे विसरायला नको. १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं, आणि येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांनी जो पेटीचरखा मार्गी लावला तो मिटवून हातात धरून नेता येतो. प्रवासी माणसाने केलेली ती वस्तू आहे हे उघडताना कळतं.

आता थोडं भांडण. ऑनलाइन सेमिनारला, जिथे मी फक्त ऐकायला असते, तिथे मी विणते. सीपीईचे, म्हणजे सीएंना सक्तीच्या असलेल्या पुढच्या शिक्षणाचे, तास भरायचे म्हणून आम्ही सगळे बसतो. अर्धे लोक कॅमेरा बंद करून मेल बघतात. विणताना माझं लक्ष उलट जास्त असतं, हात गुंतले की फोनकडे जात नाहीत. एकदा कॅमेरा चालू राहिला. दुसऱ्या दिवशी एका वरिष्ठांनी हसत हसत सांगितलं, ‘घरची कामं घरी.’ कागदावर गिचमिड रेघोट्या मारणाऱ्या पुरुषाला कुणी हे सांगत नाही. सुया दिसल्या की बाई कामात नाही, घरात आहे असं समजतात. गांधीजी भेटीला आलेल्या माणसांशी बोलता बोलता कातायचे, त्याचे फोटो आपण भिंतीवर लावतो. मी वाद घातला नाही, पण विणणंही थांबवलेलं नाही. फक्त सुया आता कॅमेऱ्याच्या खाली असतात.

आणि दुसरा लाडका सल्ला: ‘अगं, विकत का नाहीस?’ मी सीए आहे हे विसरून देतात. बाळाचा एक स्वेटर म्हणजे पंधरा-वीस तास. लोक आनंदाने देतात ते चारशे रुपये. दोरा त्यातून वजा करा, मग तासाला काय पडतं ते काढा. बरं, भाव वाढवला, चार ऑर्डरी आल्या, तर त्या कधी विणायच्या? सतरा तारखेच्या रात्री, कारण बारसं अठराला आहे. म्हणजे ज्या मुदतीच्या कटकटीपासून हात सोडवून घ्यायचा, तीच मी सुयांवर घालून घेतली. ज्या बायका हा व्यवसाय म्हणून करतात त्यांनी तासाचा नीट दर लावावा आणि लाजू नये, हे मी कुणालाही फुकट सांगायला तयार आहे. मी मात्र देते ते भेट म्हणून, माझ्या मर्जीने, आणि कधीकधी मूल वर्षाचं झाल्यावर.

एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून सांगते: मनगट. दिवसभर माउस आणि कीबोर्ड, संध्याकाळी सुया, म्हणजे तीच बोटं, तोच स्नायू. सप्टेंबरात हात भरून येतो तेव्हा विणणं हा आराम नसतो, ओव्हरटाइम असतो. त्या दिवसांत मी सुया सरळ कपाटात टाकते आणि फार तर गुंडे गुंडाळते. घट्ट विणायची सवय असेल तर एक साइज जाड सुई घ्या. आपल्याकडे जुन्या नंबरांत हे उलटं असतं, दहा नंबर बारीक आणि आठ नंबर जाड, ४ मिलिमीटरची. दुकानात जाऊन ‘मोठा नंबर द्या’ म्हणू नका.

तर मैत्रिणींनो, यंदाचं सांगून ठेवते. सप्टेंबरात ज्यांची बारशी आहेत त्यांना अभिनंदन आणि चांदीची वाटी. टोपडी ऑक्टोबरपासून. सरकारने ऐनवेळी ऑडिटला मुदतवाढ दिली तर दिवाळीनंतर, आणि त्याबद्दल तक्रार करायची असेल तर ती आयकर खात्याकडे करा, मी पत्ता देते.