मुंबईला जाताना एकदा वसईला उतरा

बडोद्याहून मुंबईला जाणारी गाडी वसईवरूनच जाते, आणि तेव्हा आपण बडोदेकर सीटखालच्या बॅगा ओढण्यात गुंतलेले असतो. स्टेशनच्या पश्चिमेला, वसईच्या किल्ल्यात, माडांत आणि वडाच्या मुळांत, एक अख्खं पोर्तुगीज शहर पडलेलं आहे. पावागड-चांपानेर पाहिलेल्या माणसाने तर ते पाहायलाच हवं. हुमायूनची धास्ती होती म्हणून गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना लिहून दिली. पुढच्याच वर्षी चांपानेरही हुमायूनने घेतलं. वसई मराठ्यांकडे आली मे 1739 मध्ये, चिमाजीअप्पांच्या वेढ्यानंतर.

गाडी वसई रोडला थांबत नसेल तर बोरिवलीला उतरून विरार लोकलने मागे या. सकाळी ही दिशा गर्दीच्या उलट असते. पुढे बस किंवा रिक्षा. 'किल्ला बंदर' सांगा.

पावसाळ्यात हिरवं दिसतं म्हणून जाणारे पुष्कळ, पण माझ्या मते ती सर्वात वाईट वेळ. गवत कमरेच्या वर जातं, त्याखाली उघड्या विहिरी आणि ढासळलेले चौथरे दिसत नाहीत, सापही असतात. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळून बसतं. तेव्हाही पूर्ण पँट, बूट आणि हातात काठी हवीच.

भरतीची वेळ कोळ्यांच्या हिशेबाने काढा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट, तितके वाजता पूर्ण भरती. पंचमीला साधारण पावणेचार, मग सहा तासांनी ओहोटी. भरतीला दर्या दरवाजाशी असा, म्हणजे गलबतांसाठी ही जागा का निवडली ते कळतं. ओहोटीला तिवरांच्या चिखलात पाय घालू नका, गुडघाभर रुततो.

भुई दरवाजाने आत शिरलात तर आतला दरवाजा बाहेरच्याच्या समोर नाही, हे बघा. शत्रूला सरळ धाव घेता येऊ नये म्हणून वाट वळवली आहे. पुढे फ्रान्सिस्कन चर्चमध्ये घाई करू नका. जमिनीत कोरीव थडग्यांच्या शिळा आहेत. अक्षरं झिजलेली वाटतील. बॅटरी जमिनीलगत आडवी धरा, सावल्या पडतात आणि ओळी उठून दिसतात. खडू, पीठ, पाणी अजिबात नको. खडूने झीज वाढते, आणि पुढच्याला तुमचंच चुकीचं वाचन दिसतं.

मनोऱ्यांचे गोल जिने चढू नयेत, हे माझं ठाम मत आहे. सांध्यातला चुना पावसाने धुपून गेलाय, पायऱ्या नुसत्या एकमेकींच्या भाराने टिकल्यात. पडक्या छताखाली मधोमध रेंगाळू नका.

आणि भिंतीतून उगवलेलं पिंपळाचं रोप उपटायचा मोह आवरा. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं, मूळ चुना फोडत आत जातं. वरून ओढलं तर दगड निखळतो आणि उरलेलं मूळ पुन्हा फुटतं. किल्ला संरक्षित आहे. जागेचा फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवा, काढायचं काम त्यांच्या माणसांचं.