सुकांदे आधी

मे महिना संपता संपता भाच्याने मुंबईहून कुरिअरने एक खोका पाठवला. खोक्यावर १९६६ सालची फोक्सवॅगन बीटल होती, इतकी चकचकीत की आईने चष्मा पुसून पुन्हा पाहिली. आत गाडी नव्हती. आत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले अवयव होते. चाकं, सीटं, करंगळीच्या नखाएवढे आरसे, आणि एक नकाशा, ज्यातली जपानी मला येत नाही आणि इंग्रजी येतं असा घरात समज आहे. सोबत चिठ्ठी होती: ‘मामा, तुमच्या हाताला वळण आहे. गणपतीत येईन तेव्हा गाडी तयार ठेवा. लाल हवी.’

वळणाचं म्हणाल तर मी पतसंस्थेत खतावणी लिहितो आणि वाडीतल्या लग्नांच्या पाट्या रंगवतो. एवढ्याच भांडवलावर मी हो म्हटलं.

खरी बीटल चार मीटरची. ही १:२४ मापाची, म्हणजे १७ सेंटिमीटर. बरा बांगडाही हिच्यापेक्षा लांब असतो. आईला हे प्रमाण पटलं, पण इंजिन मागे आणि पुढे सामानाची जागा, हे काही केल्या पटेना. “उलटी हाडलंस,” म्हणाली, “परत धाड.”

जोडकाम सोपं निघालं. बारीक कात्रीसारख्या निपरने भाग कापायचे, कापल्याची गाठ पॉलिश पेपरने घासायची, चिकटवायचे. बोटांनाच जास्त चिकटलं, पण त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. सांगाडा भांड्यांच्या साबणाने धुवायचा असतो, कारण साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेला ओशटपणा प्लास्टिकवर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. तेही केलं. खरी गोष्ट सुरू झाली ती रंगाची फवाऱ्याची डबी आल्यावर. असल्या दाबाच्या डब्या विमानाने पाठवत नाहीत, त्या रस्त्याने येतात. रस्त्याने आली, आणि आली तेव्हा जूनची वीस तारीख होती. पाऊस तिच्या आधीच पोचला होता.

इथे मालवणच्या बाजूला पाऊस म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. जिल्ह्यात सरासरी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो हा आकडा झाला. घरातली खूण अशी की मीठ बरणीत उभं राहतं, आगपेटी तव्याखाली ठेवावी लागते, कपाटातल्या चपलांना दाढी येते. अशा हवेत मी १०० मिलिलिटरची लाल डबी घेऊन पडवीत उभा राहिलो. फोनवरच्या व्हिडिओत जो माणूस हे काम करत होता तो कुठल्यातरी कोरड्या देशात, स्वतःच्या गॅरेजात, हातमोजे घालून शिट्टी वाजवत करत होता. त्याच्या मागे खिडकीत ऊन होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिला हात मारला. सुरेख. दुसरा मारला. दाट, ओला, रसरशीत लाल. मी मागे सरून पाहिलं आणि गाडी माझ्या डोळ्यांदेखत फिकी पडायला लागली. आधी छप्पर, मग दारं, मग पुढचं झाकण. जणू वरून कुणी नारळाचं दूध घातलं. पाच मिनिटांत माझी लाल बीटल गुलाबी, दुधट आणि किंचित फाटल्यासारखी झाली. आई ताट घेऊन चालली होती. थांबली.

“रंग बरो हा,” म्हणाली. “सोलकढीचो.”

पुढचे दोन दिवस घरात त्या गाडीला सोलकढी हेच नाव पडलं. बायकोने दुपारी वाटी भरताना मला विचारलं, “ह्यात चाकं घालू का?”

असं का होतं हे मला आमच्या सुताराने सांगितलं, हसून झाल्यावर. लाखेचं पॉलिश करणारा कुठलाही माणूस पावसात काम घेत नाही, घेतलं तर पॉलिश पांढरं पडतं. मातीच्या घागरीत पाणी गार का होतं? बाहेर पाझरतं, उडून जातं, जाताना ऊब घेऊन जातं. रंगातला थिनर पाण्याहून कितीतरी भराभर उडतो, त्यामुळे रंगाची साय एकदम थंड पडते. बाहेरची हवा आधीच पाण्याने टम्म असते. मग गार तांब्यावर जसं दंव धरतं तसं ओल्या रंगावर धरतं, आणि रंग ते पाणी पोटात घेऊनच घट्ट होतो. तेच पांढरं दिसतं. गॅरेजवाले यावर उशिरा उडणारा थिनर वापरतात, त्याला ते रिटार्डर म्हणतात. पण डबीत भरून आलेल्या रंगात रिटार्डर कुठून घालणार? त्यावर सुताराकडे एकच उपाय होता. “दिवाळी,” म्हणाला.

दिवाळी मला चालणार नव्हती. मी रंग उतरवायला घेतला. प्लास्टिकला धक्का न लावता रंग सोडवायचा तर गाडी ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवायची, हा जुन्या खेळाडूंचा रिवाज आहे. गॅरेजातून अर्धा लिटर आणलं, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ओतलं, सोलकढी आत सोडली आणि झाकणावर लाल अक्षरांत ‘विष’ लिहिलं. त्या डब्याशेजारी आईची आमसुलं होती. आईने रातोरात आमसुलं देवघरात हलवली, आणि त्यानंतर आठवडाभर माझ्या हातचा चहा कुणी प्यायलं नाही. सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने रंग कातडीसारखा सुटून आला. एवढं एक काम मात्र व्हिडिओतल्यासारखं झालं.

मग मी दमट हवा मोजायचं छोटं यंत्र मागवलं. हा माझ्या आयुष्यातला सर्वात निरुपयोगी खर्च. त्याने पहिल्या दिवशी ९४ दाखवलं. दुसऱ्या दिवशी ९३. मी ते पडवीतून माजघरात नेलं, माजघरातून माळ्यावर, ९२ च्या खाली ते उतरलं नाही. पाऊस पडतोय हे सांगायला आमच्याकडे कौलं आहेत, त्यासाठी सेल घालावे लागत नाहीत.

तरी एक देशी युक्ती होती. आमच्याकडे कपड्यांच्या कपाटात पावसाळाभर ६० चा बल्ब पेटता ठेवतात, बुरशी धरू नये म्हणून. मी माझे शर्ट काढले आणि गाडीचे सुटे भाग आत टांगले, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी. डबी कोमट पाण्यात धरून फवारा मारायचा, झटकन कपाटात ठेवायचं, दार लावायचं. आणि खरंच, रंग लाल राहिला. दोन दिवस मी कपाट उघडून उघडून बघत होतो. बघण्यात नको तेवढा आनंद घेतला म्हणून की काय, तिसऱ्या दिवशी दिसलं की बल्बाच्या बाजूला लटकणारा मागचा बंपर धग लागून वाकलाय. दोन्ही टोकं वर. गाडी मागून हसत होती.

बंपर गरम पाण्यात धरून दाबून सरळ केला, साधारण. संध्याकाळी वर चमकीचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, शेवटचा हात मारला आणि पडवीतला दिवा लावला. ज्याने कोकणात पहिल्या पावसानंतर दिवा लावलाय त्याला पुढचं सांगायला नको. वाळवीला पंख फुटून ती शेकड्यांनी दिव्यावर आली, आणि दिव्याखाली ओली गाडी होती. बीटल म्हणजे भुंगा. त्या भुंग्याच्या पाठीवर सकाळी अकरा पंख, दोन धडं आणि एक अख्खी वाळवी होती, इतकी नीट बसलेली की कारखान्यातूनच तशी आली असावी. फोक्सवॅगनने या मॉडेलच्या दोन कोटी पंधरा लाखांवर गाड्या काढल्या, शेवटची २००३ साली मेक्सिकोत. त्यातल्या एकीच्याही छपरावर हे नसणार.

पुन्हा ब्रेक ऑइल.

श्रावण लागला आणि मी आमच्या गणपतीचा पाट द्यायला शाळेत गेलो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे मूर्ती जिथे घडतात त्याला गणपतीची शाळा म्हणतात. प्रत्येक घराने आपला पाट तिथे नेऊन द्यायचा, त्याच्यावरच मूर्ती उभी राहते. पाटाला चिठ्ठी, चिठ्ठीवर आडनाव आणि गणपती किती दिवसांचा, दीड, पाच की सात. मी पाट टेकवला आणि समोर पाहून तसाच उभा राहिलो. बाहेर पाऊस कोसळत होता. आत शाडूच्या शंभरेक मूर्तींवर फवारणी चालली होती. आणि एकही पांढरी पडत नव्हती.

एवढी साधी गोष्ट दोन महिने माझ्या डोक्यात आली नव्हती. भर पावसात रंगकाम करणारे सर्वात जाणते लोक माझ्या घरापासून दहा मिनिटांवर बसले होते, आणि मी कोरड्या देशातल्या माणसाची शिट्टी ऐकत होतो.

मी घरी जाऊन गाडी घेऊन आलो आणि शाळेतल्या आबांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला उंदीर खाली ठेवला, गाडी घेतली, उलटी केली, तिच्या पोटात बघितलं. “थिनरचो रंग कित्याक मारलंस?” म्हणाले. “पाण्याचो मार. पाण्याक पाण्याचा भय नाय.” पाण्यात कालवलेला रंग दमट हवेत पांढरा पडत नाही, फक्त सुकायला वेळ घेतो. आणि वेळ घेतो म्हणजे घेतो. शाळेत जो येईल तो एकच प्रश्न विचारत होता, “आबा, आमचो कधी होतलो?” आणि आबा मान वर न करता सगळ्यांना एकच उत्तर देत होते: “सुकांदे आधी.” सुकू दे आधी. तलाठी आले, त्यांनाही तेच. सरपंच आले, त्यांनाही तेच.

कॉम्प्रेसर चालू करायच्या आधी आबांच्या मुलाने टाकीच्या बुडाची चकती फिरवली आणि तिच्यातून चांगलं अर्धा तांब्या पाणी निघालं. हवा दाबली की तिच्यातलं पाणी खाली बसतं, रोज काढलं नाही तर तेच बंदुकीतून रंगावर उडतं. हे कुठल्या व्हिडिओत सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगितलं असेलही, पण मी त्या वेळी त्याची शिट्टी ऐकत असणार.

रंग मात्र लाल मिळाला नाही. बंदुकीत त्या क्षणी पितांबराचा पिवळा भरलेला होता, आणि एका गाडीसाठी बंदूक धुवायला आबा तयार नव्हते. “पिवळो शुभ,” एवढंच म्हणाले. बीटल एका रिकाम्या पाटावर बसवली आणि तिच्यावर पातळ, धुक्यासारखे हात मारले, एकेका हातामध्ये तास-तासभर सोडून. डावीकडे एक लालबाग थाटाचा, उजवीकडे बालगणेश, मधे पिवळी फोक्सवॅगन. पाट घेऊन येणारी मंडळी सवयीने तिलाही नमस्कार करून जात होती. एका आजीने आबांना विचारलं, “ह्यो खयचो गणपती?” आबा म्हणाले, “मुंबैचो.”

आणि मग खिडक्यांच्या कडा. बीटलच्या काचांभोवती चांदीसारखी बारीक पट्टी असते, दोरा ठेवावा तेवढी. मी ती घरी काढून पाहिली होती; गाडी काजळ फिसकटलेल्या नवरीसारखी दिसत होती. आबांनी रात्री, गर्दी गेल्यावर, शून्य नंबरचा ब्रश काढला. हा ब्रश वर्षभर डबीत असतो, तो फक्त डोळ्यांच्या आखणीसाठी. त्या रात्री त्यांना सोळा गणपतींचे डोळे आखायचे होते. पंधरा झाले. सोळाव्याच्या आधी त्यांनी गाडी पुढ्यात ओढली.

“हेचे डोळे खंय?”

मी पुढचे दोन दिवे दाखवले. त्यांनी दिव्यांची कडी आखली, मग वळून खिडक्यांना हात घातला. श्वास आत धरायचा, मनगट टेकवायचं, रेघ एका दमात ओढायची. नेमका त्याच वेळी करंट गेला. शाळेत मिट्ट काळोख. मी मोबाइल शोधेपर्यंत पंधरा-वीस सेकंद गेले असतील. उजेड पडला तेव्हा ब्रश खिडकीवर तसाच टेकलेला होता, रेघ जिथे थांबली होती तिथेच. आबांनी उरलेली पुरी केली, श्वास सोडला, आणि म्हणाले, “कापूस दी.” कापूस मात्र लागला नाही.

सकाळी त्यांनी गाडीच्या बुडाला इतर पाटांसारखी चिठ्ठी डकवली. मी बघितली नाही. मला घाई होती. श्रावणातलं ऊन पडलं होतं, यंत्र चक्क ७१ दाखवत होतं, मी धावत घरी आलो आणि चमकीचा हात मारला. एक मारायचा होता. हात आवरला नाही, तीन मारले.

चतुर्थीच्या सकाळी शेताच्या मेरेवरून गणपती डोक्यावर घेऊन आलो. छत्री अर्थात गणपतीवर. माझ्या मागून भाचा, आदल्या रात्री कुडाळला उतरलेला, हातात पिवळी गाडी, तिच्यावर छत्री नाही. पावसाचे थेंब तिच्या पाठीवर मोत्यासारखे उभे राहत होते आणि घरंगळत होते. मी मान वळवून बघू शकत नव्हतो, भाच्याने सांगितलं म्हणून कळलं.

“मामा, पण लाल सांगितली होती.”

“लाल दोनदा केली,” मी म्हटलं. “पुढे बघ, चिखल आहे.”

सात दिवस गाडी माटवीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या चौकटीखाली, राहिली, भजनी मंडळींनी तिला फेर धरून पाहिली. निघायच्या दिवशी भाचा तिला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळत होता. उलटी केली आणि थांबला. बुडाला आबांची चिठ्ठी होती. नावापुढे माझं आडनाव, आणि जिथे दीड, पाच, सात लिहितात तिथे आबांच्या वळणदार अक्षरात: ‘सुकासर’.

“म्हणजे?”

“सुकेपर्यंत.”

तो हसला. मग दाराच्या खालच्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्याने अंगठ्याचं नख हलकं टेकवलं आणि उचललं. चमकीत बारीक चंद्रकोर उमटली होती.

आम्ही दोघांनी भिंतीवरच्या यंत्राकडे पाहिलं. ९१.