आश्रय हवाय? आधी धमकी दाखवा

लेखकराव, तुमचं लिखाण कुणाच्या तरी जिव्हारी लागलं, अभिनंदन! नाहीतर हल्ली वाचतं कोण? आता घरासमोर अनोळखी मोटारसायकली घुटमळतात म्हणता, तर घाबरू नका. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला ‘आयकॉर्न’ या आश्रय देणाऱ्या शहरांच्या जाळ्याचं कार्यालय आहे. छळ झालेल्या लेखकांना घर आणि महिन्याचा खर्च देणारी 70 हून अधिक शहरं त्याच्याशी जोडलेली आहेत. मुक्काम साधारण दोन वर्षांचा. तेवढ्यात तुमच्या देशातली माणसं शहाणी होतीलच.

फक्त कागदपत्रं चोख ठेवा. तोंडी धमकी चालत नाही. फोन आला तर, ‘दादा, एवढं लेखी द्याल का, तारखेसकट?’ असं नम्रपणे विचारा. धोका बेताचा असावा. कमी पडला तर फाईल तळाशी जाते, जास्त झाला तर अर्जावर सही करायला कुणी उरत नाही.

मग व्हिसा. बांगलादेशातल्या सिल्हेटचे ब्लॉगर अनंत बिजॉय दास यांना ‘स्वीडिश पेन’ या लेखकांच्या संघटनेने बोलावलं होतं. स्वीडनच्या दूतावासाने व्हिसा नाकारला: हा माणूस परत जाणार नाही, अशी शंका. 12 मे 2015 ला त्यांना घराजवळच भर रस्त्यात तोडलं. तेव्हा अर्जात ठासून लिहा, ‘मरायला वेळेवर परत येईन.’

भारतातच राहू म्हणाल, तर तस्लिमा नासरीन यांना 2007 मध्ये कोलकाता सोडावं लागलं. 2017 मध्ये त्या अजिंठा-वेरूळ पाहायला आल्या, तर औरंगाबादच्या विमानतळाबाहेर घोषणा देणारा जमाव. पोलिसांनी त्यांना तिथूनच मुंबईला परत धाडलं. लेणी हजार-दोन हजार वर्षं थांबलीत, अजून थांबतील.

अमेरिका? 12 ऑगस्ट 2022 ला न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वाच्या मंचावर सलमान रश्दी आणि हेन्री रीस बसले होते. विषय: परागंदा लेखकांचं आश्रयस्थान, अमेरिका. विषयाला हात घालण्याआधीच हल्लेखोर सुरा घेऊन मंचावर. रश्दींचा एक डोळा गेला, रीसही जखमी झाले. म्हणून परिसंवादात खुर्ची दाराजवळची धरा.

याच रीस यांनी पत्नीसोबत अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये लेखकांसाठी आश्रयघर काढलं. 2004 मध्ये पहिले आले चिनी कवी ह्वांग श्यांग. त्यांनी घराच्या भिंतीच चिनी कवितांनी रंगवल्या. गल्लीत चिनी वाचणारं कोण असणार! तुम्हीही बिनधास्त मराठीत भिंत रंगवा. फक्त तिथल्या मराठी मंडळींना पत्ता कळू देऊ नका. त्यांना वाचता येतं.