ब्यॉमबद्दलचं वाक्य मागे घेतेय, व्हायोलाचं नाही

काका, तुमची प्रतिक्रिया उशिरा वाचली आणि वाचून आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. मोझार्टच्या चाळीसाव्या सिम्फनीच्या पाच कंडक्टरांच्या पाच रेकॉर्डिंगवर मी मागच्या महिन्यात जे लिहिलं त्यावर तुम्ही म्हणताय, "स्टॉपवॉच लावून गाणं ऐकणारी बाई पहिल्यांदाच बघितली. स्वरलिपी एकच, वाजवणारे पगारी, मग फरक कसला शोधताय? आणि ज्या ब्यॉमची कॅसेट आम्ही तीस वर्षं ऐकली त्याला 'सरकारी कचेरी' म्हणून एका ओळीत मोकळ्या झालात." शिवाय नाशकात बसून व्हिएन्नाच्या गप्पा हा टोमणा आहेच, तो सोडून देते, तुम्हीही ती कॅसेट गंगापूर रोडलाच ऐकलीत ना.

तर आधी ब्यॉम, म्हणजे कंडक्टर कार्ल ब्यॉम. कबूल करते, त्याचं रेकॉर्डिंग मी ओट्यावर फोन टेकवून ऐकलं होतं, शेजारी मिक्सरमध्ये दाण्याचं कूट चालू, आणि तेवढ्यावर मत देऊन टाकलं. बाकी चौघांना हेडफोन आणि याला मिक्सर, हा सरळसरळ अन्याय. म्हणून तुमचं वाचल्यावर परत ऐकला, १९६१ चा बर्लिन फिलहार्मोनिकचा. घरात शांतता मिळणं कठीण, म्हणून रात्री साडेदहाला खाली पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले, बाहेर पाऊस, काचा बंद. वॉचमनदादांनी दोनदा येऊन टॉर्च मारला, दुसऱ्यांदा विचारलं, "ताई, घरी काही झालंय का?" म्हटलं काही नाही, गाणं ऐकतेय. त्यांचा विश्वास काही बसला नाही.

आणि ऐकल्यावर वाटलं की कचेरी नाहीये ती. चाल सावकाश आहे, पण रेंगाळत नाही, खालचे सूर भक्कम, कुठेही उगाच हुंदका नाही. तलत आणि लताबाईंचं 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' ऐकून मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांना ही सुरावट म्हणजे नाजूक, थोडी रडवेली अशीच डोक्यात बसलेली असते (सलील चौधरींनी १९६१ च्या 'छाया'साठी ती या सिम्फनीच्या सुरुवातीतूनच उचलली, आणि काय सुंदर उचलली), त्यामुळे ब्यॉमचा कोरडेपणा मला खटकला असणार. ते वाक्य मागे घेतेय.

पण स्वरलिपी एकच मग फरक कसला, हे मात्र पटलं नाही, आणि इथे मी भांडणार, व्हायोलांबद्दल लिहिलेलं मागे घेणार नाही. पहिल्या भागाची पहिली दोन सेकंदं घ्या, फक्त दोन. आपण सगळे ज्याची वाट बघतो ती सुरावट तिथे अजून आलेलीच नाहीये. आधी व्हायोला (व्हायोलिनच्या थोरल्या बहिणी, जरा खालच्या सुराच्या) सुरू होतात, दोन गटांत वाटलेल्या, हलक्या आवाजात थरथरत, खाली बासचा जेमतेम टेकू, आणि पहिली बार, म्हणजे तालाचं पहिलं आवर्तन, संपायच्या आत व्हायोलिन त्यावर येऊन बसतं. म्हणजे ठेका आधी, मुखडा मागून. सिम्फनीची सुरुवात अशी निव्वळ साथीने करणं १७८८ मध्ये काही नेहमीचं नव्हतं. आता कागदावर तिथे काय लिहिलंय? 'मोल्तो अलेग्रो', म्हणजे चांगलं जलद, आणि 'पियानो', म्हणजे हळू आवाजात. बास. जलद म्हणजे किती हे मोझार्ट आकड्यात सांगूच शकत नव्हता, मेल्झेलने मेट्रोनोमचं, म्हणजे लय मोजायच्या यंत्राचं, पेटंट घेतलं १८१५ मध्ये आणि मोझार्ट गेला १७९१ ला. मग उरलेलं सगळं त्या वाजवणाऱ्यांवरच ना?

तुम्ही स्वतः ऐका. फुर्टव्हेंगलरच्या १९४८-४९ च्या व्हिएन्ना रेकॉर्डिंगमध्ये व्हायोला अशा सुटतात की दार उघडायच्या आधीच कोणीतरी जिन्यावरून धावत आलंय, आणि गंमत म्हणजे हाच माणूस संथ वाजवतो म्हणून प्रसिद्ध. ब्रूनो वॉल्टरच्या १९५९ च्या रेकॉर्डिंगमध्ये तेच सूर गालिचासारखे पसरतात. (तुमच्या 'पगारी'वर सांगते, वॉल्टरचा तो ऑर्केस्ट्रा तर लॉस एंजेलिसच्या वादकांना रेकॉर्डिंगसाठी गोळा करून उभा केलेला होता, शंभर टक्के पगारी, आणि तरी बघा.) ब्यॉमकडे त्या शिलाई मशीनसारख्या एकसारख्या चालतात, हे मी आता कौतुकाने म्हणतेय. आणि बेंजामिन ब्रिटनकडे त्या नुसती साथ न राहता पात्र होतात, कारण असेल की तो स्वतः लहानपणी व्हायोला शिकलेला. मोझार्टलाही क्वार्टेटमध्ये, म्हणजे चौघांच्या वादनात, व्हायोलाच धरायला आवडायचा.

ब्रिटनवर थोडं जास्त बोलते कारण त्याच्याबाबत माझी खरी चूक झालीय, आणि ती तुम्ही पकडली नाहीत. मी लिहिलं होतं की ब्रिटन सगळ्यात संथ, एकूण वेळ बघा. पण त्याचा वेळ वाढतो कारण तो सगळे रिपीट घेतो, मोझार्टने जिथे जिथे परत वाजवा म्हटलंय तिथे परत वाजवतो. दुसरा भाग, अँडांते, दोन्ही रिपीट घेऊन संथपणे वाजवला तर पंधरा मिनिटांच्या आसपास जातो आणि न घेणाऱ्यांचा त्याच्या जवळपास निम्म्यात आटोपतो. म्हणजे मी ज्याला लय म्हणत होते ते पानं उलटण्याचं गणित होतं. स्टॉपवॉचबद्दल तुमचं बरोबर आहे, फक्त तुम्ही दिलेल्या कारणासाठी नाही. आणि ते रेकॉर्डिंग झालं कुठे, तर इंग्लंडात स्नेपच्या माल्टिंग्जमध्ये, बार्लीचं माल्ट करायची जुनी इमारत होती ती, तिचा हॉल केला. आपल्याकडे पिंपळगावच्या एखाद्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये मैफल ठेवावी तसं. १९६७ ला हॉल सुरू झाला, १९६८ ला हे रेकॉर्डिंग, १९६९ ला आग लागून हॉल जळाला, मग १९७० ला परत बांधला. त्यामुळे त्या पहिल्या हॉलचा घुमारा ज्या थोड्या रेकॉर्डिंगमध्ये राहिलाय त्यातलं हे एक आहे, आणि तो घुमारा व्हायोलाच्या मागे ऐकू येतो हो, हेडफोनवर येतो. गाडीत नाही आला, वायपर बंद करूनही नाही.

आपल्या संगीतात अशी तुलना करत नाहीत, असंही तुम्ही लिहिलंय. काका, कालिदास कलामंदिरात मध्यंतराच्या चहाच्या रांगेत नुसतं उभं राहा एकदा. "यमन ऐकावा तर अमक्याचा" यापलीकडे कोणी काही बोलत असतं का तिथे? द. वि. पलुसकर तर आपल्या नाशिकचेच, १९२१ चा जन्म. त्यांची तीन मिनिटांची तबकडी आणि त्याच रागाचं लांब गायन शेजारी ठेवून माझे आजोबा अर्धी रात्र वाद घालायचे.

मिन्युएटचं, म्हणजे तिसऱ्या भागाचं, एक सांगायचं राहिलं. माझी भाची तबला शिकते, दुसरं वर्ष. तिला म्हटलं तीनचा हिशेब आहे, टाळी दे. तिने दिली, आणि चौथ्या टाळीला तोंड वाकडं करून थांबली, "मावशी, सम पळतेय." पळतेच! खाली तीन मात्रा चालू आणि वरची सुरावट दोन-दोनचे गट करून त्यांना कापत जाते. म्हणायला नाच आहे, पण यावर कोण नाचणार? माझ्या पाचातला चार्ल्स मॅकेरस स्कॉटिश चेंबर ऑर्केस्ट्राकडून हे २००७ मध्ये इतकं झपझप वाजवून घेतो की ती ओढाताण अंगावर येते, जुन्या मंडळींकडे तेच भारदस्त होऊन बसतं आणि सम शोधायला वेळ मिळतो. भाचीला जुने आवडले. मला मॅकेरस. तुम्हाला कोण ते माहितीच आहे.

शेवटच्या भागाच्या मध्यात एक जागा आहे, सगळे वाद्यवाले एकदम एकाच सुरात झेपा घेतात आणि त्यात सप्तकातल्या बारापैकी अकरा स्वर येतात, येत नाही तो फक्त या सिम्फनीचा षड्ज. सगळं घर फिरून यायचं आणि देवघर तेवढं टाळायचं. तिथे काही जण कडा घासून गुळगुळीत करतात, आणि हार्नोनकूर (माझ्या पाचात तो नव्हता, असायला हवा होता) एकेक स्वर दगडासारखा फेकतो. ब्यॉम मधे कुठेतरी, आणि ती जागा मी गाडीत तीनदा मागे घेऊन ऐकली, तेव्हाच वॉचमनदादा दुसऱ्यांदा आले.

आता एक काम तुमच्याकडे. ब्यॉमने ही सिम्फनी १९७६ ला व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर परत रेकॉर्ड केलीय आणि ती आणखी निवांत आहे, तेव्हा तुमच्या कॅसेटच्या कव्हरवर बर्लिन लिहिलंय का व्हिएन्ना तेवढं बघून सांगा. आपण कदाचित दोन वेगळ्या ब्यॉमवरून भांडतोय.