बंद केलं, फरक पडला. पुढे काय?

ताई,

चंचल मुलांच्या आहारावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया रागात लिहिलेली असली तरी मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळी खरडून मोकळं न होता सविस्तर उत्तर देते. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मुलगा आठ वर्षांचा, एडीएचडीचं (लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा) निदान झालेलं, सकाळी एक गोळी चालू. तुम्ही दूध, गहू, साखर आणि रंग घातलेलं सगळं एकदम बंद केलंत आणि दोन आठवड्यांत तो गृहपाठाला बसू लागला. रक्ताच्या एका तपासणीतून त्याला ‘न चालणाऱ्या’ पदार्थांची लांबलचक यादीही मिळाली. डॉक्टरांनी मात्र हसून विषय उडवला. आणि मी लेखात ‘आहाराचा परिणाम थोडा, आणि काही मुलांपुरता’ असं लिहून तुमच्यासारख्या आयांना वेड्यात काढलं. जाता जाता, औषध कंपन्यांकडून मला काय मिळतं, हेही विचारलंत.

शेवटचं आधी. काही मिळत नाही. मी मुलांच्या आहाराचं काम करते, गोळ्या लिहून देणं माझ्या अखत्यारीतच येत नाही. आहाराला काही अर्थ नसता तर पाय माझ्याच पोटावर आला असता.

आता मुद्द्याचं. तुमचा मुलगा शांत झाला यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझी अडचण वेगळी आहे. चार गोष्टी एकाच दिवशी बंद झाल्या, मग फरक कशाने पडला? आणि बदललं काय फक्त तेवढंच? घरात येणारं पाकिटातलं खाणं थांबलं, जेवणाच्या वेळा ठरल्या, त्याच्या ताटाकडे आणि त्याच्याकडे कुणीतरी रोज लक्ष देऊ लागलं. यातलं प्रत्येक कारण एकेकटंही पुरेसं असू शकतं. तुम्ही मात्र श्रेय चौघांना वाटून दिलंत आणि चौघांनाही कायमची घरबंदी केलीत.

रंगांवरचा संशय जुना आहे आणि तो निराधार नाही. सॅन फ्रान्सिस्कोतले अ‍ॅलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी १९७०च्या दशकात कृत्रिम रंग, कृत्रिम स्वाद आणि सॅलिसिलेट हे नैसर्गिक रसायन असलेली फळं वगळणारा आहार सुचवला. निम्म्याच्या आसपास मुलं सुधारतात असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे काटेकोर चाचण्या झाल्या तेव्हा तो आकडा टिकला नाही, पण संशय पूर्ण फिटलाही नाही. मग २००७ मध्ये साउदम्प्टन विद्यापीठाच्या गटाचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीन वर्षांची १५३ मुलं आणि आठ-नऊ वर्षांची १४४. ही एडीएचडीची मुलं म्हणून निवडलेली नव्हती, चारचौघांसारखी होती. त्यांना काही आठवडे कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट हे टिकाऊपणासाठीचं रसायन घातलेलं पेय, आणि मधल्या आठवड्यांत दिसायला-चवीला तसंच पण कृत्रिम रंग आणि बेन्झोएट नसलेलं पेय दिलं. कधी कुठलं, हे घरच्यांनाही माहीत नव्हतं. रंगीत पेयाच्या आठवड्यांत चंचलपणा वाढला. सरासरी पाहिली तर थोडाच, पण मुलामुलांत फरक मोठा. काहींवर ढिम्म परिणाम नाही, काहींवर चांगलाच. यानंतर युरोपीय संघाने जुलै २०१०पासून सहा रंगांच्या पदार्थांवर ‘मुलांच्या हालचालींवर आणि लक्षावर विपरीत परिणाम होऊ शकतो’ असा इशारा छापणं बंधनकारक केलं. २०११ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीसमोर हाच पुरावा आला. तिथे असा इशारा नको, असं ठरलं, तेही आठ विरुद्ध सहा मतांनी. पुरावा एकच, त्यातून दोन शहाणी मंडळं दोन निष्कर्षांवर आली. तेव्हा मी ‘थोडा, आणि काही मुलांपुरता’ असं लिहिते ते बचावासाठी नाही, पुरावाच तसा आहे.

त्या अभ्यासातली एक गंमत तुमच्या कामाची आहे. रंग आणि बेन्झोएट एकत्रच दिल्यामुळे दोष यातल्या नेमक्या कुणाचा, हे तिथेही सुटलं नाही. तुमच्याकडे तर चार संशयित आहेत.

रंग बंद केलेत ते बंदच राहू द्या. त्यात पोषण शून्य, त्यामुळे मुलाचं काहीच जात नाही. साखरेबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. साखर दिलीय की नाही हे मुलाला, आईला आणि तपासणाऱ्याला, कुणालाच माहीत नसलेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा १९९५ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला. साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम त्यात दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक छोटा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. ‘माझा मुलगा साखर खाल्ली की बिघडतो’ असं सांगणाऱ्या आया आणि त्यांची पाच ते सात वर्षांची ३५ मुलं. सगळ्या मुलांना साखर नसलेलं, नुसतं गोड पेय दिलं. निम्म्या आयांना सांगितलं, साखर दिलीय. त्या आयांना आपला मुलगा जास्त चंचल वाटला. इतकंच नाही, त्या मुलाच्या जास्त जवळ जवळ राहिल्या आणि टोकण्याकडेही त्यांचा कल जास्त दिसला. म्हणजे अपेक्षेने आईची नजर बदलली आणि तिचं वागणंही बदललं. हे वाचून आयांना हसू नये. माझ्यासकट कुणाचीही नजर अशीच बदलते, म्हणून तर तपासणाऱ्यालाही अंधारात ठेवावं लागतं. साखर कमी ठेवा, दातांसाठी. वाढदिवसाचा केक मात्र त्याला खाऊ द्या.

तुम्ही लिहिलंय, ‘संध्याकाळी रंगीत काही खाल्लं की अर्ध्या तासात पेटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.’ इथे जरा थांबते, कारण माझ्याकडे येणाऱ्या आहाराच्या नोंदवह्यांत हे पान हमखास असतं. सकाळी आठ, गोळी आणि घाईघाईत दोन घास. दुपार, डबा जवळजवळ तसाच परत. पाच वाजता, क्रीमची रंगीत बिस्किटं, अर्धं पाकीट. साडेपाच, आरडाओरडा, दार आपटलं, धाकटीला ढकललं. आणि समासात लाल शाईने: ‘बिस्किट!!’

आता हेच पान वरून खाली वाचा. एडीएचडीसाठी दिली जाणारी मेथिलफेनिडेटची गोळी भूक मारते, म्हणून डबा परत आला. साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो, जास्त वेळ चालणारीचा आठ ते बारा. म्हणजे शाळा सुटून तासाभरात बऱ्याच मुलांचं औषध उतरायला लागतं, आणि उतरताना काही मुलं चिडचिडी होतात, गोळी सुरू होण्याआधीपेक्षाही जास्त. त्यात पोटात सकाळपासून काही नाही. उपाशी, थकलेलं, औषध उतरत असलेलं मूल समोर येईल ते तोंडात कोंबतं, आणि समोर असतं बिस्किट. घटनास्थळी सापडलं म्हणून तेच पकडलं जातं. अशा मुलांना मी आधी न्याहारी गोळीच्या अगोदर आणि भरपेट द्यायला सांगते, आणि शाळेतून आल्या आल्या नाश्ता नाही, चक्क जेवण. रात्री भूक परत येते तेव्हा पुन्हा थोडं. दोन आठवडे एवढंच करून बघितलं तरी कित्येक घरांतली साडेपाचची नोंद बदलते. बदलली नाही, तर गोळीची वेळ किंवा प्रकार याबद्दल डॉक्टरांशी बोलायला हातात काहीतरी नेमकं असतं.

आता ती रक्ताची तपासणी. तुमच्या वर्णनावरून ती आयजीजीची आहे. एखादा पदार्थ खाण्यात असला की त्याविरुद्ध आयजीजी प्रतिपिंडं तयार होतात, हे शरीराचं नेहमीचं काम. म्हणूनच या याद्यांमध्ये नेमके मुलाचे रोजचे आणि आवडते पदार्थ निघतात. खरी अ‍ॅलर्जी असते ती बहुतेक वेळा आयजीई या वेगळ्या प्रतिपिंडांची: अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलट्या, दम लागणं. तिचा आणि या यादीचा संबंध नाही.

गंमत म्हणजे ही तपासणी निकालात निघाली ती तुमच्याच बाजूच्या अभ्यासात. नेदरलँड्स आणि बेल्जियममधली चार ते आठ वर्षांची १०० मुलं, ‘लॅन्सेट’, २०११. निम्म्यांना पाच आठवडे मोजक्या पदार्थांवर ठेवलं: मुख्यतः भात, मांस, भाज्या, पेअर, पाणी. ५० पैकी ४१ जणांनी टप्पा पुरा केला आणि त्यातल्या ३२ मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली. आहारवादी मंडळी हाच आकडा सांगतात, आणि तो लहान नाही. पण कोण पथ्यावर आहे हे आईवडिलांना आणि शिक्षकांना माहीत होतं. २०१३ मध्ये अशा सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या गेल्या. पथ्याची कल्पना नसलेल्यांनी दिलेले गुण तेवढे धरले, तेव्हा परिणाम बराच आकसला. बेल्जियम-नेदरलँड्सच्या त्याच अभ्यासाचा पुढचा टप्पा मात्र कुणी सांगत नाही. सुधारलेल्या ३० मुलांना, रक्तात ज्यांविरुद्ध आयजीजी जास्त निघालं ते आणि ज्यांविरुद्ध कमी निघालं ते, असे दोन्ही प्रकारचे पदार्थ पाळीपाळीने परत दिले. १९ मुलं पुन्हा बिघडली, आणि त्या बिघडण्याचा आयजीजीशी काही मेळ बसला नाही. तेव्हा तो कागद फाईलमधून काढून टाका.

आणखी एक, यातलं सगळ्यात ताजं. नेदरलँड्समध्येच पाच ते बारा वर्षांच्या १६५ मुलांच्या दोन गटांची तुलना झाली. एका गटाला कडक वर्ज्य आहार (म्हणजे संशयित पदार्थ काढून टाकलेला), दुसऱ्याला साधा चौरस आहार, वेळच्या वेळी. वर्ज्य आहारावर ३५ टक्के मुलांना कमीअधिक फायदा झाला, साध्या आहारावर ५१ टक्के. तुमच्या त्या दोन आठवड्यांचं श्रेय कुणाचं, याचा विचार करताना हा आकडा शेजारी ठेवा.

डॉक्टरांनी हसून विषय उडवला, हे मात्र चुकलंच, आणि यात मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१८ची मार्गदर्शक तत्त्वं सरसकट सगळ्या मुलांना रंगबंदी सुचवत नाहीत, ओमेगा-३च्या गोळ्याही सुचवत नाहीत. पण कुठल्या खाण्यापिण्याने मूल बिघडतंय असं वाटतं का, हे डॉक्टरांनी विचारावं, वाटत असेल तर नोंद ठेवायला सांगावी, आणि संबंध दिसला तर आहारतज्ज्ञाकडे पाठवावं, असं त्यात स्पष्ट आहे. पुढच्या भेटीत हसण्याची संधी न देता दोन गोष्टी मागा: गेल्या वर्षभरातला वजन-उंचीचा आलेख, आणि फेरिटिनची, म्हणजे लोहाच्या साठ्याची, तपासणी. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो. तसा तो असला तर अस्वस्थपणा आणि मोडती झोप दोन्ही वाढू शकतात. तपासल्याशिवाय लोहाचं औषध मात्र सुरू करू नका, जास्तीचं लोह घातक असतं.

तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य अगदी शेवटी आहे, कंसात: ‘वजन थोडं उतरलंय, पण चालतंय.’ चालत नाही, ताई. आठ वर्षांच्या मुलाचं वजन वाढायचं असतं. भूक मारणारी गोळी चालू, मुळात खाण्याबाबत चोखंदळ, त्यात दूध आणि गहू वजा केले. त्याच्या ताटात उरलं काय? वर्ज्य आहार हा उपचार म्हणून कायम चालवायचा नसतोच, ती तपासणी असते आणि तिचे दोन भाग असतात. काढणं हा पहिला भाग, तो तुम्ही केलात. एकेक पदार्थ परत आणून बघणं हा दुसरा, आणि उत्तर त्यातच मिळतं. ‘बिघडला तर?’ या भीतीने बहुतेक घरं पहिल्या भागातच वर्षानुवर्षं अडकतात. बिघडला तर चार दिवसांत पदार्थ पुन्हा थांबवता येतो, आणि मग तो कायमचा वगळायला तुमच्याकडे कारण असेल.

सुरुवात दुधापासून करा, कारण प्रथिनं आणि कॅल्शियम तिथे जास्त अडलंय. परीक्षा, प्रवास, पाहुणे, औषधात बदल, यातलं काही नसेल असा काळ निवडा. पूर्वी घ्यायचा तेवढंच दूध आठवडाभर रोज, बाकी सगळं जसंच्या तसं. वागण्याचे पाच मुद्दे आधीच ठरवा, उदाहरणार्थ जेवताना किती वेळा उठला, गृहपाठाला किती वेळ बसला, आणि रोज प्रत्येकाला शून्य ते तीन गुण द्या. नोंद तुम्ही ठेवाच, पण वर्गशिक्षिकांनाही तेच पाच मुद्दे देऊन गुण मागा आणि दूध सुरू केलंय हे त्यांना सांगू नका. मुलालाही ‘आता बघू तू कसा वागतोस’ असं म्हणू नका. तुमच्या आकड्यांपेक्षा मी त्यांचे आकडे आधी बघेन.

दुधाचा निकाल लागला की गहू. त्याला वारंवार पोटदुखी, पोट फुगणं किंवा जुलाब असतील तर गहू कायमचा सोडण्याआधी सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) रक्ततपासणी व्हायला हवी, आणि ती गहू काही आठवडे नियमित खाण्यात असतानाच खरी येते. आत्ता केलीत तर खोटा दिलासा मिळेल. आणि पूर्वी कधी दुधाने किंवा गव्हाने त्याच्या अंगावर गांधी उठल्या असतील, तोंड सुजलं असेल किंवा धाप लागली असेल, तर यातलं काहीही घरी करू नका, आधी अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना दाखवा.