गंज वरवरचा असतो म्हणे!

जुन्या अमेरिकी पिकअप विकत घेऊन नव्याने उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींत एक सल्ला सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: "गंजाला घाबरू नका. जुन्या गाड्यांचा पत्रा जाड होता, गंज वरवरचाच असतो. इंजिन सुरू झालं की पैसे मोजा. बाकी घासायचं, रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) मारायचा, रंग द्यायचा. दार अडकत असेल तर बिजागरी बदला. आणि सडलेले पत्रे हल्ली सगळे नवे मिळतात." ऐकायला झकास आहे. एकेक वाक्य अर्धं खरं आहे, आणि गिऱ्हाईक बुडतं ते उरलेल्या अर्ध्यात.

आधी जाड पत्र्याचं बघू. १९५०-६०च्या दशकांतल्या पिकअपचा पत्रा साधारण १ मिलीमीटरच्या आसपास. आजच्या गाड्यांचा बऱ्याचदा ०.७ ते ०.८. म्हणजे जाड होता हे कबूल. पण त्यावर जस्ताचा मुलामा नव्हता. बॉडीच्या पत्र्यांना तो सर्रास मिळू लागला १९८०च्या दशकात. तोवर प्रायमर आणि रंग एवढाच आधार. जिथे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलं, त्या फटीत तर रंगही धड पोचला नाही. गंज घर करतो तो तिथेच, आणि तिथे पत्र्याची जाडी फार तर काही वर्षं जास्तीची देते.

केबिनचा मागचा खालचा कोपरा घ्या. मागच्या काचेचं रबर वयाने कडक होऊन चिरतं, तिथून झिरपलेलं पाणी दुहेरी पत्र्याच्या पोकळीत उतरतं. पुढेही तीच कथा: काचेखालच्या हवेच्या जाळीतून पालापाचोळा आत पडतो, पाणी धरून ठेवतो, आणि ती ओल पावलांजवळच्या बाजूच्या पोकळीतून दाराखालच्या रॉकर पॅनेलमध्ये जाते. पाणी निघून जायला भोकं दिलेली असतात, पण ती मातीने कधीच बुजलेली. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे जोडात साचला की तो जोडच फाकवतो. एवढं सगळं होऊन बाहेरून दिसतो काय, तर रंगाखाली वाटाण्याएवढा फुगा. फुगा दिसेपर्यंत आतलं काम उरकलेलं असतं. मालकाला विचारून स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यावर दाबा. चांगला पत्रा दाद देत नाही. किडलेला करकरतो आणि टोक आत जातं.

याउलट बॉनेटच्या किंवा टपाच्या उघड्या भागावर रंग उडून आलेला तपकिरी थर भयंकर दिसतो, पण तो खरोखर वरवरचा असतो. तारेचा ब्रश फिरवला की खाली घट्ट धातू लागतो. गंज किती आहे यापेक्षा कुठे आहे हे आधी बघायचं, ते यासाठी.

"इंजिन सुरू झालं की पैसे मोजा." सगळ्यात जास्त लोक या वाक्यापायी फसतात, असं माझं ठाम मत आहे. इंजिन बोल्टवर बसलेलं असतं. उतरवता येतं, उघडता येतं, बदलता येतं. अनेक वर्षं उभं राहून जाम झालेलं इंजिनसुद्धा प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल मुरू दिलं आणि क्रँक (पिस्टनना जोडलेला दांडा) पान्ह्याने अगदी हळू मागेपुढे हलवला तर पुष्कळदा सुटतं. विकणाऱ्याला मात्र इंजिन ऐकवायची भारी हौस, कारण तेवढा वेळ गिऱ्हाईक गाडीखाली वाकत नाही.

तुम्ही वाका. पण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली नको, आणि सडक्या चेसीला जॅक लावताना तर दुप्पट सावध. जॅकचं डोकं सरळ आत घुसू शकतं. हातोडी घेऊन चेसीवर पुढून मागे ठोकत जा. निरोगी लोखंड टणकन वाजतं, सडलेलं बद्द. मागच्या ॲक्सलवरून वर वळलेला चेसीचा भाग, स्प्रिंगच्या पाट्या टांगलेले हँगर, स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा, आणि जिथे दोन प्लेटी एकावर एक रिव्हेट केल्यात ते सगळे भाग: इथे पापुद्रे सुटत असतील तर किमतीची बोलणी तिथेच थांबवावीत. ब्रेकच्या लोखंडी नळ्याही बघा. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक पिकअपना ब्रेकच्या तेलाला दाब देणारा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा होता. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. सुरू झाली म्हणून गाडी चालवत घरी नेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता कन्व्हर्टर. त्यात टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्ल असतं; ते गंजाचं टॅनेट किंवा फॉस्फेट करतं, आणि त्या थरावर प्रायमर बरा बसतो. पातळ गंजासाठी उत्तम वस्तू आहे. पण गेलेला धातू ती परत आणत नाही, जाड पापुद्र्यांच्या तळाशी पोचत नाही, आणि बंद पोकळीत तर जातच नाही. सडलेल्या चेसीवर कन्व्हर्टर आणि वर काळं अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला मारायचा जाड लेप) हा विक्रीआधीचा नट्टापट्टा झाला. बाकी गाडी धुळीने माखलेली आणि चेसी तेवढी काळी कुळकुळीत असेल, तर हातोडी दोनदा फिरवा.

बिजागरीबद्दल थोडक्यात. दार उघडून टोकाशी धरून वर उचला. खडखड हललं तर पिना झिजल्यात, किरकोळ काम. दार घट्ट आहे पण लागत नाही, फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसते, तर केबिन ज्या रबरी बैठकींवर टेकते त्यांच्या आजूबाजूचा पत्रा खचलेला असण्याची शक्यता जास्त. तिथे बिजागरी बदलून काही होणार नाही.

राहिलं नव्या पत्र्यांचं. १९६७ ते ७२ च्या शेवरोले सी-१० साठी किंवा त्याच काळातल्या फोर्ड एफ-१०० साठी पुष्कळ काही मिळतं, हे खरं. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या मोठ्या पिकअपचं तसं नाही; त्यांचं उत्पादनच १९७५ मध्ये थांबलं आणि पर्याय फार थोडे आहेत. शिवाय मिळालेला पत्रा बसवायचा कोणी? रॉकर कापण्याआधी दाराच्या चौकटीला आतून आडवे-तिरपे आधार वेल्ड करावे लागतात, एका वेळी एकच बाजू उघडावी लागते, नाहीतर केबिन दबते आणि मग कुठलंच दार कधी लागत नाही. पत्र्याची किंमत यात सगळ्यात लहान आकडा असते.

म्हणूनच मी बोल्टवर असलेल्या भागांच्या गंजाकडे फारसं बघत नाही. हौदा सुटा निघतो, मडगार्ड सुटतात, बॉनेट सुटतं. हौद्याची लाकडी फळ्यांची जमीन कुजलेली असेल तर फळ्या नव्या टाकता येतात. हौद्याची चाळण झालेली पण केबिनचे कोपरे, रॉकर आणि चेसी ठणठणीत असलेली गाडी, ताज्या रंगातल्या चकचकीत गाडीच्या आधी बघावी. चकचकीत गाडीच्या मालकाकडे रंगाआधीचे फोटो मागा. नसतील तर पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक रॉकरवरून आणि कोपऱ्यांवरून फिरवा. जिथे ते सैल पडतं तिथे खाली पुटीचा (खड्डे-भोकं बुजवायच्या लुकणाचा) जाड थर आहे. मग आतल्या बाजूने हात घालून बघा, त्या पुटीमागे पत्रा उरलाय का.