'सूचनापत्रकाप्रमाणे रंगवलं की विमान अचूक': हा दावा का टिकत नाही

जर्मन लढाऊ विमानांची मॉडेलं करणाऱ्यांमध्ये एक विधान सतत फिरतं: "आजची किटं संगणकावर आखलेली, संग्रहालयातली विमानं मोजून केलेली असतात. रंगांचे तर सरकारी क्रमांकच ठरलेले होते. पत्रकाप्रमाणे रंगवा, विमान शंभर टक्के ऐतिहासिक." छंदाला नव्याने लागलेली मुलं यावर विसंबतात, म्हणून यातला एकेक दावा तपासायला हवा.

आधी संगणक. माप चुकीचं दिलं तर संगणक ती चूकही तितक्याच काटेकोरपणे साच्यात उतरवतो. एडुआर्ड या चेक कंपनीचं २०१४ चं १:४८ चं (खऱ्याच्या एक-अठ्ठेचाळीसांश मापाचं) मेसरश्मिट बीएफ १०९ या लढाऊ विमानाच्या जी-६ आवृत्तीचं किट बारकाव्यांत देखणं होतं, पण प्रमाणापेक्षा मोठं निघालं. कंपनीने चूक मान्य करून २०१६ मध्ये नवे साचे आणले, याचा मला मनापासून आदर आहे. पडताळणीला फूटपट्टी पुरते: खऱ्या जी-६ च्या पंखांचा पसारा ९.९२ मीटर, म्हणजे १:४८ ला साधारण २०७ मिलिमीटर आणि १:७२ ला १३८.

संग्रहालयांचं म्हणाल, तर आज '१०९' म्हणून दाखवली जाणारी बरीच विमानं स्पेनमध्ये बांधलेली बुचॉन आहेत. त्यांत ब्रिटिश मर्लिन इंजिन होतं, त्यामुळे नाकाची ठेवणच वेगळी. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयातलं जी-६ अस्सल आहे, पण त्यावरची रंगसंगती आणि चिन्हं दुसऱ्याच एका जी-६ ची आहेत.

खरी गुंतागुंत रंगांत आहे. ७४, ७५, ७६ या करड्या छटांचे नमुने १९४१ च्या सरकारी रंगपत्रिकेत होते. १९४४ मध्ये ८१ आणि ८२ आले ते नमुन्यांशिवाय. ८१ ला कागदपत्रांत कुठे तपकिरी-जांभळा म्हटलंय, कुठे गडद हिरवा. ८३ म्हणजे गडद हिरवा ही ओळख तर युद्धानंतरच्या अभ्यासकांनी जोडली आणि तिच्यावर अजून वाद आहे. रंगाच्या बाटलीवर '८३' छापलं म्हणून तो पुरावा ठरत नाही. कृष्णधवल फोटोही फसवतात. ऑर्थोक्रोमॅटिक (लाल प्रकाश न टिपणाऱ्या) फिल्मवर पिवळा आणि लाल काळपट दिसतात, निळा फिकट.

चिन्हांबद्दल थोडक्यात. उत्तर आफ्रिकेत लढलेल्या हान्स-योआखिम मार्सेय या वैमानिकाचं 'पिवळं १४' हे एकच विमान नव्हतं. तो क्रमांक त्याच्या एकाहून अधिक बीएफ १०९ एफ-४ विमानांवर होता आणि सुकाणूवरच्या विजयरेषा (पाडलेल्या विमानांची मोजणी) वाढत गेल्या. तारीख न सांगणारं डिकॅलपत्रक (मॉडेलवर चिकटवायच्या चिन्हांचा कागद) त्यातलं नेमकं कुठलं विमान दाखवतं? शिवाय जर्मन दंडसंहितेच्या ८६ अ कलमामुळे अनेक पेट्यांत शेपटीवरचं स्वस्तिक नसतं किंवा तुकड्यांत येतं. म्हणजे पत्रकातली शेपूट तिथेच खऱ्या विमानापासून वेगळी झाली.

नवी किटं जुन्यांपेक्षा कितीतरी सरस आहेत, हे मी आनंदाने मान्य करतो. पण मी आधी तारीख माहीत असलेला एखादा फोटो निवडतो, त्यात दिसणारं कॉकपिटचं झाकण, शेपटीची उंची, इंजिनावरचे फुगवटे टिपून घेतो आणि मगच किट शोधतो. फोटोत जे दिसत नाही, ते मॉडेलच्या पाटीवर 'अंदाज' असं लिहून ठेवतो.